खेळताना दात कसे वाचवावेत: क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक आणि पालकांसाठी

घोटा मुरगळला तर बर्फ लावायचा, गुडघा फुटला तर धुऊन पट्टी बांधायची, एवढी माहिती आपल्याकडील बहुतेक मैदानांवर असते. मात्र कबड्डीच्या पकडीत एखाद्या मुलाचा पुढचा दात मुळासकट निघून मातीत पडला, तर तो शोधून जपून ठेवायचा असतो, हे अनेकांच्या गावीही नसते. तोंडात कापूस कोंबून रक्त थांबवले जाते, मुलाला घरी पाठवले जाते आणि दुसऱ्या दिवशी सवडीने दवाखाना गाठला जातो. मुळासकट पडलेल्या दाताचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात, म्हणजे दंतवैद्याने त्याला पाहण्यापूर्वीच, लागलेला असतो. म्हणून पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने त्या अर्ध्या तासात मुलाजवळ असणाऱ्या माणसांसाठी आहे, आणि अशी वेळ शक्यतो येऊच नये यासाठी आधी काय करावे, हेही त्यात सांगितले आहे.

धोका कोठे असतो

तोंडावर मार बसला की सर्वांत आधी इजा होते ती वरच्या जबड्यातील मधल्या दोन दातांना. ज्या मुलांचे वरचे दात पुढे आलेले असतात आणि ओठ नीट मिटत नाहीत, त्यांच्या दातांपुढे ओठांची उशीही नसते, त्यामुळे त्यांना हा धोका इतरांहून बराच अधिक असतो. संघ निवडताना उंची आणि वजन पाहिले जाते, पण दातांची ठेवण कोणी पाहत नाही. हंगामाच्या सुरुवातीला प्रशिक्षकाने मुलांना एकदा तोंड उघडायला सांगून कोणाचे दात पुढे आहेत, कोणाच्या दातांना तारा बसवल्या आहेत आणि कोणाचा दात आधीच हलतो आहे, याची नोंद ठेवली, तर पुढची बरीच कामे सोपी होतात. पुढे आलेले दात ताराबंदीने मागे घेतल्यास केवळ चेहऱ्याची ठेवण सुधारत नाही, तर इजेची शक्यताही घटते. पालकांशी बोलताना हा मुद्दा आवर्जून मांडावा.

जागतिक दंतवैद्यक महासंघाने खेळांची विभागणी केली, तेव्हा रग्बी, हॉकी, आइस हॉकी आणि मार्शल आर्ट्स यांना अधिक धोक्याच्या गटात, तर बास्केटबॉल, फुटबॉल, हँडबॉल आणि जिम्नॅस्टिक्स यांना मध्यम धोक्याच्या गटात ठेवले. ही विभागणी उपयुक्त असली तरी आपल्या मैदानांचे चित्र तिच्यात पुरते उमटत नाही. कबड्डीत चढाईपटूला आवळताना त्याचा गुडघा, टाच किंवा कोपर थेट पकड करणाऱ्याच्या तोंडावर येते, आणि साखळी करून एकाच वेळी धावून जाणाऱ्या दोन बचावपटूंची डोकी एकमेकांवर आदळतात. खो-खोत खांबाजवळ सूर मारणारा खेळाडू तोंडावर पडतो किंवा खांबालाच धडकतो. कुस्तीत डोके वर येते ते समोरच्याच्या हनुवटीखाली. मल्लखांबावरून उतरताना पकड सुटली तर हनुवटी लाकडावर आपटते आणि खालचे दात वरच्या दातांवर जोरात बसून दाढांचे तुकडे उडतात. २०२२ मध्ये राज्य सरकारने साहसी क्रीडाप्रकाराचा दर्जा दिलेल्या दहीहंडीतही, वरच्या थरावरून कोसळणाऱ्याची टाच खालच्याच्या चेहऱ्यावर येणे काही दुर्मीळ नाही. जलतरण तलावाच्या ओल्या काठावर पळताना घसरून पुढचा दात तुटण्याचा प्रकारही नेहमीचाच आहे आणि त्यावर ‘काठावर पळू नये’ या नियमाची कडक अंमलबजावणी हाच उपाय आहे.

क्रिकेटमध्ये फलंदाजाला शिरस्त्राण असते, म्हणून त्याची काळजी कमी वाटते. तरी प्रौढांच्या मापाचे शिरस्त्राण लहान मुलाला देणे धोक्याचे आहे, कारण कुमारांचा चेंडू आकाराने लहान असतो आणि टोपीची कड व जाळी यांमधल्या फटीतून तो आत शिरू शकतो. हातातील चेंडू त्या फटीतून जातो का, हे पाहायला एक मिनिटही लागत नाही. स्वीप मारताना बॅटची वरची कड लागून चेंडू चेहऱ्यावर येतो, म्हणून फिरकी गोलंदाजीसमोर शिरस्त्राण काढून ठेवण्याची सवय मोडली पाहिजे; यष्टिरक्षकाने यष्टींजवळ उभे राहतानाही ते घातलेच पाहिजे.

खरा दुर्लक्षित माणूस म्हणजे क्षेत्ररक्षक. डिसेंबर २०२२ मध्ये लंका प्रीमियर लीगच्या एका सामन्यात श्रीलंकेचा अष्टपैलू खेळाडू चमिका करुणारत्ने झेल घेताना चेंडू तोंडावर आदळल्याने चार दात गमावून बसला, आणि तो तर अनुभवी आंतरराष्ट्रीय खेळाडू होता. आपल्याकडे खडे-खळग्यांच्या मैदानावर जमिनीलगत येणारा लेदरचा चेंडू ऐनवेळी उसळतो आणि वाकलेल्या मुलाच्या तोंडावर बसतो. मुंबईच्या आझाद मैदानावर तर एकमेकांत शिरलेल्या खेळपट्ट्यांवर एकाच वेळी अनेक सामने चालू असतात आणि शेजारच्या सामन्यातला फटका पाठमोऱ्या क्षेत्ररक्षकाकडे केव्हा येईल याचा नेम नसतो. अशा ठिकाणी निकट क्षेत्ररक्षणाला लहान मुले उभी करू नयेत, सरावापूर्वी खडे वेचून घ्यावेत आणि एका वेळी एकाच चेंडूने झेलांचा सराव घ्यावा. ही कामे बिनखर्चाची आहेत.

माउथगार्ड: निवड आणि बसवणे

वरच्या दातांवर बसणारे लवचिक आवरण म्हणजे माउथगार्ड. मुष्टियुद्धात त्याला गमशील्ड म्हणतात. १८९० च्या सुमारास वुल्फ क्राउझ या लंडनच्या दंतवैद्याने मुष्टियोद्ध्यांसाठी गटापर्चाच्या, म्हणजे झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या रबरासारख्या पदार्थाच्या, पट्ट्या वापरल्या, तेथपासून या साधनाची कहाणी सुरू होते. आज ते बहुधा ईव्हीए नावाच्या मऊ प्लास्टिकचे असते. मार बसला की ते जोर एका दातावर न येऊ देता आजूबाजूला पसरवते, वरचे-खालचे दात एकमेकांवर आपटू देत नाही आणि ओठ व गाल दातांच्या धारेपासून दूर ठेवते.

सक्तीचा परिणाम किती होतो, हे न्यूझीलंडने दाखवून दिले. तेथील रग्बी संघटनेने १९९७ मध्ये एकोणीस वर्षांखालील खेळाडूंना आणि १९९८ मध्ये सर्वच स्तरांवर माउथगार्ड बंधनकारक केले, आणि १९९५ ते २००३ या काळात रग्बीतील दातांच्या इजांसाठी होणारे भरपाईचे दावे ४३ टक्क्यांनी घटले. आपल्या शालेय कबड्डीत अशी सक्ती व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ती होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार तयार मापाचा. तो स्वस्त असतो, पण दात घट्ट आवळूनच तो जागेवर ठेवावा लागतो, त्यामुळे श्वासही अडतो आणि बोलणेही अडते. तो न घेतलेलाच बरा. दुसरा गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांवर बसवायचा, जो क्रीडासाहित्याच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतो. तिसरा दंतवैद्याने दातांचे माप घेऊन, प्लास्टरच्या साच्यावर तापवलेली शीट दाबून तयार केलेला. तिसरा सर्वांत चांगला आहे यात वाद नाही. त्याची जाडी दातांच्या पुढच्या बाजूस साधारण ३ मिलिमीटर, चावण्याच्या पृष्ठभागावर २ मिलिमीटर आणि टाळूकडे १ मिलिमीटर असावी, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. खर्च अधिक असल्यामुळे संघासाठी एकत्रित माप घेण्याची सोय होते का, हे जवळच्या दंत महाविद्यालयात विचारून पाहावे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत आणि गोव्यात बांबोळीला आहे.

कबड्डीपटूंची या साधनाविषयीची तक्रार रास्त आहे. चढाईपटूला दम घ्यावा लागतो, आणि ‘कबड्डी कबड्डी’ हा उच्चार पंचांना स्पष्ट ऐकू आला नाही तर चढाई बाद ठरते. खो-खोत ‘खो’ मोठ्याने आणि वेळेवर द्यावा लागतो. तोंडात जाड, सैल आवरण असेल तर हे जमत नाही, आणि मग खेळाडू ते मोज्यात खोचून ठेवतो. यावर उपाय असा की, ज्यांना सतत चढाई करायची आहे त्यांनी मापाचेच माउथगार्ड करून घ्यावे, माप देताना दंतवैद्याला खेळ कोणता आहे हे सांगावे आणि टाळूकडचा भाग शक्य तितका पातळ ठेवण्याची विनंती करावी. त्यानंतर निदान दोन-तीन आठवडे सरावात ते घालूनच दम घोकावा. पहिले काही दिवस लाळ जास्त सुटते आणि जीभ अडखळते, पण सवयीने हे कमी होते. थेट सामन्याच्या दिवशी प्रथमच घातलेले माउथगार्ड दुसऱ्या चढाईपर्यंतही तोंडात राहत नाही. पकड करणाऱ्या बचावपटूंना दम घ्यायचा नसतो आणि चढाईपटूचा गुडघा लागतो तोही बहुधा त्यांनाच, तेव्हा पैसे मोजकेच असतील तर सुरुवात कोपरारक्षक (कोपऱ्यात उभे राहणारे बचावपटू) आणि मध्यरक्षकांपासून करावी.

गरम पाण्यात बसवायचे माउथगार्ड घरी नीट बसवता येते, पण घाई केली तर पैसे वाया जातात. प्रथम ते कोरडेच तोंडात धरून आरशात पाहावे. मागची टोके शेवटच्या दाढेच्या पुढच्या दाढेपर्यंत यावीत आणि त्यापलीकडे घशाकडे जाऊन उबळ आणणारा भाग कात्रीने थोडा थोडा कापावा. मग पाणी उकळून, पाकिटावर लिहिलेल्या सेकंदांइतकाच वेळ ते त्यात बुडवावे. निरनिराळ्या उत्पादनांना निरनिराळा वेळ लागतो, म्हणून येथे अंदाज चालत नाही. बाहेर काढून क्षणभर गार पाण्यात बुडवावे म्हणजे हिरडी भाजत नाही, आणि आरशासमोर उभे राहून ते वरच्या दातांवर सरळ, मध्यरेषा जुळवून बसवावे. यानंतर दात अलगद मिटावेत. बहुतेक जण येथे कचकन चावतात आणि चावण्याच्या जागी आवरण कागदासारखे पातळ करून टाकतात, ज्याने त्याचा निम्मा उपयोग संपतो. दात अलगद मिटलेले ठेवून हवा आत ओढावी आणि त्याच वेळी बाहेरून ओठ व गाल बोटांनी दाबावेत, म्हणजे आवरण पुढून दातांच्या फटींमध्ये बसते. अर्ध्या मिनिटाने काढून गार पाण्यात टाकावे. तोंड पूर्ण उघडल्यावर ते न चावता वरच्या जबड्याला धरून राहिले, वाचा फारशी न अडखळता एक वाक्य बोलता आले आणि तोंडाने मोकळा श्वास घेता आला, तर ते बसले असे समजावे. खाली गळून पडत असेल तर पुन्हा मऊ करून बसवावे.

ज्यांच्या दातांना तारा आहेत त्यांनी हे घरी करू नये, कारण मऊ प्लास्टिक तारांत अडकते आणि उपचारात दात सरकत असल्यामुळे आवरण काही आठवड्यांतच बसेनासे होते. त्यांनी तारा बसवणाऱ्या डॉक्टरांकडूनच वेगळे आवरण घ्यावे. सात ते बारा या वयात दुधाचे दात पडून नवे येत असतात, तेव्हा मुलांचे माउथगार्ड दर हंगामात, प्रसंगी त्याआधीही, बदलावे लागते. मोठ्यांनी ते फाटले, सैल झाले किंवा चावून चपटे झाले की बदलावे. खेळून झाल्यावर ते गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावे, भोके असलेल्या कडक डबीत ठेवावे, आणि उन्हात तापलेल्या गाडीत किंवा गरम पाण्याखाली कधीही ठेवू नये, कारण ज्या उष्णतेने ते आकार घेते त्याच उष्णतेने तो आकार बिघडतो. एकमेकांचे माउथगार्ड वापरणे तर सर्वस्वी वर्ज्य. मुष्टियुद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत लाल रंगाच्या गमशील्डला मनाई आहे, म्हणजे तोंडातून रक्त येत असेल तर ते पंचांच्या लगेच लक्षात येते. इतर खेळांतही रंग निवडताना हा विचार करण्यासारखा आहे. शेवटी, माउथगार्ड हे दातांसाठी आहे. ते घातले म्हणजे डोक्याच्या माराची भीती नाही, असा समज कोणीही करून घेऊ नये.

मार बसल्यावर प्रथम काय पाहावे

तोंडातून रक्त आले की सगळ्यांचे लक्ष रक्ताकडे जाते, कारण ओठ आणि हिरड्या भरपूर रक्त सोडतात. पण दाताच्या आधी डोके आणि मान पाहायची. मूल क्षणभरही बेशुद्ध पडले असेल, गोंधळल्यासारखे बोलत असेल, उलटी झाली असेल किंवा मान दुखत असेल, तर दातांचा विषय बाजूला ठेवून १०८ वर फोन करावा आणि त्याला हलवू नये. शुद्धीवर असलेल्या मुलाला पुढे झुकवून बसवावे, म्हणजे रक्त घशात जात नाही. हातमोजे घालून, स्वच्छ गॉज किंवा रुमालाची घडी रक्त येणाऱ्या जागी दाबून धरावी आणि बाहेरून गार शेक द्यावा.

यानंतर त्याला हळूच दात मिटायला सांगावे आणि ‘दात नेहमीसारखे जुळतात का’ असे विचारावे. जुळत नसतील, तोंड उघडताना कानापुढे तीव्र वेदना होत असतील किंवा खालचा ओठ बधिर वाटत असेल, तर जबड्याचे हाड मोडल्याची शक्यता असते. २००२ मध्ये अँटिगातील कसोटीत चेंडू लागून जबडा मोडल्यावरही अनिल कुंबळे यांनी चेहऱ्याला पट्टी बांधून १४ षटके टाकली आणि ब्रायन लारा यांना बाद केले, ही गोष्ट प्रत्येक क्रिकेटप्रेमीला पाठ आहे. त्यांना नंतर शस्त्रक्रियेसाठी मायदेशी परतावे लागले, हा उत्तरार्धही मुलांना सांगावा, कारण शालेय सामन्यात जबडा धरून मैदानावर उभ्या असलेल्या मुलाचे कौतुक करणे हा प्रशिक्षकाचा बेजबाबदारपणाच आहे.

टॉर्चच्या उजेडात दात मोजावेत. एखादा कमी दिसला आणि मैदानावरही सापडला नाही, तर तो गिळला गेला असेल, श्वासनलिकेत गेला असेल, ओठात रुतला असेल किंवा वरच्या बाजूला हिरडीत पूर्ण घुसला असेल. यांतील प्रत्येक शक्यता एक्स-रेने तपासावी लागते, म्हणून ‘पडला असेल कुठेतरी’ म्हणून सोडून देता येत नाही. दात हिरडीत घुसला असेल, पुढे-मागे सरकला असेल किंवा नुसता हलत असेल, तर तो ओढू नये, हलवून पाहू नये आणि त्याच दिवशी दंतवैद्याकडे न्यावे.

दाताचा तुकडा उडाला असेल तर तुकडा शोधून पाण्यात किंवा सलाईनमध्ये ठेवावा, कारण तो ओला राहिला तर दंतवैद्य तोच पुन्हा चिकटवू शकतात आणि मूळ रंग-आकार परत मिळतो. तुटलेल्या जागी मध्यभागी लालसर ठिपका किंवा रक्ताचा थेंब दिसला, तर नस उघडी पडली आहे असे समजून त्याच दिवशी उपचार घ्यावेत; लहान मुलांत अशा नसेला वाचवण्याची संधी चांगली असते, पण ती वेळेवर अवलंबून असते.

दात मुळासकट पडला तर

येथे मात्र एकेक पायरी नीट समजून घ्यावी. दाताच्या मुळावर अतिशय तलम असे जिवंत आवरण असते, ज्यातील पेशी दाताला हाडाशी धरून ठेवतात. दात बाहेर पडताना हे आवरण फाटते आणि त्याचा एक भाग मुळाला चिकटून राहतो. हवेत कोरडा पडलेला दात अर्ध्या तासात या पेशींपैकी बहुतेक गमावतो, आणि तासाभराने त्यांपैकी काही उरत नाही असे धरूनच उपचार ठरवले जातात. म्हणून दात लगेच जबड्यातील त्याच्या खोबणीत परत बसवणे हा सर्वोत्तम उपाय, आणि ते न जमल्यास तो कोरडा न पडू देणे हा दुसरा.

त्याआधी तो दात दुधाचा नाही ना, याची खात्री करावी. दुधाचा दात परत बसवायचा नसतो, कारण त्याच्या मुळाशी वाढणाऱ्या कायमच्या दाताच्या अंकुराला त्याने इजा होऊ शकते. वरचे मधले कायमचे दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात, म्हणजे नेमक्या घोळाच्या वयात मुले मैदानावर उतरलेली असतात. कायमचा दात आकाराने मोठा, किंचित पिवळसर असतो आणि नुकताच आला असेल तर त्याची धार करवतीसारखी दातेरी असते. तरीही शंका राहिली तर दात दुधात टाकून मुलासह डॉक्टरांकडे न्यावा. काही घरांत पडलेला दात कौलांवर फेकण्याची प्रथा आहे. खेळात पडलेल्या दाताच्या बाबतीत तिला आवर घालावा.

दात उचलताना तोंडात एरवी जो भाग दिसतो तोच धरावा, मुळाला बोट लागू देऊ नये. मूळ लांब, निमुळते आणि काहीसे पिवळट असते, त्यामुळे ओळखणे अवघड नाही. मातीने माखला असेल तर दुधाने, सलाईनने किंवा त्याच मुलाच्या लाळेने तो हलकेच विसळावा. नळाखालीच धरावा लागला तर दहा सेकंदांपेक्षा जास्त नको. तो घासू नये, रुमालाने पुसू नये, त्याला साबण, डेटॉल, स्पिरिट किंवा हळद लावू नये. आखाड्यातल्या तांबड्या मातीत हळद, ताक आणि तेल मिसळलेले असते, आणि ती मुळाला चिकटून बसते. तरी नखाने खरवडून काढण्याचा मोह टाळावा आणि उरलेली माती डॉक्टरांवर सोडावी.

मग मुलाला चूळ भरायला सांगून, शेजारच्या दाताशी ताडून पाहत, दाताची फुगीर गुळगुळीत बाजू ओठाकडे आणि खोलगट बाजू जिभेकडे ठेवून तो खोबणीत अलगद सरकवावा. बोटाच्या हलक्या दाबाने तो आत जातो. जोर लावावा लागत असेल तर दिशा चुकली असावी, थांबून पुन्हा पाहावे. तो शेजारच्या दाताच्या पातळीला आला की रुमालाची घडी दातांमध्ये ठेवून मुलाला ती हलकेच चावून धरायला सांगावी आणि तसेच दवाखान्यात न्यावे. हे वाचताना अंगावर काटा येईल, पण खोबणी त्या क्षणी काहीशी बधिर असते आणि वेदना वाटते त्याहून कमी होते. मूल बेशुद्ध असेल, जबडा मोडल्याची शंका असेल, त्याला हृदयाचा गंभीर विकार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार असेल, अथवा ते फारच घाबरले असेल, तर हा प्रयत्न न करता दात दुधात ठेवावा.

दूध म्हणजे साधे, गार, बिनसाखरेचे. मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ते बहुतेक वेळा मिळते, फक्त पातेल्यातले उकळते दूध न घेता फोडायच्या राहिलेल्या पिशवीतले मागावे. दही, ताक, सुगंधी दूध चालत नाही. दूध नसेल तर मुलाने छोट्या डबीत थुंकून जमा केलेली त्याची स्वतःची लाळ, तीही नसेल तर सलाईन वापरावे. दात गालात धरायला सांगू नये, घाबरलेले मूल तो गिळून टाकते. यांपैकी काहीच नसेल तर दात स्वयंपाकघरातील पारदर्शक प्लास्टिक फिल्ममध्ये गुंडाळला तरी तो सुकत नाही. शहाळ्याच्या पाण्यावरही प्रयोग झाले आहेत, परंतु ते आम्लधर्मी असल्यामुळे दूध हाताशी असताना त्याच्या वाटेला जाऊ नये. साधे पाणी मुळावरच्या पेशींना मारक असते. मात्र दात उघड्यावर सुकू देण्यापेक्षा पाणीही बरे.

दात तासाहून अधिक काळ कोरडा राहिला असला तरी तो फेकून देऊ नये. असा दात बहुधा हाडाशी जखडतो आणि त्याचे मूळ काही वर्षांत हळूहळू झिजते, हे खरे. तरीही वाढत्या वयाच्या मुलासाठी त्या काही वर्षांचे मोल मोठे असते, कारण जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचा कृत्रिम दात, बसवता येत नाही. दहाव्या वर्षी दात गमावलेल्या मुलाला पुढची आठ-दहा वर्षे तात्पुरत्या दातावर काढावी लागतात.

शाळेच्या प्रथमोपचार पेटीत काय हवे, हे यातून आपोआप ठरते: घट्ट झाकणाची छोटी प्लास्टिकची डबी, सलाईनची बाटली, निर्जंतुक गॉज, हातमोजे आणि लहान टॉर्च. याशिवाय एक कागद, ज्यावर जवळच्या दंतवैद्यांचे क्रमांक असतील. आपल्याकडचे बहुतेक सामने रविवारी होतात आणि त्याच दिवशी दवाखाने बंद असतात, म्हणून ‘रविवारी पडलेला दात बसवून द्याल का’ असे स्पर्धेपूर्वीच विचारून ठेवावे, आणि नकार आल्यास दुसरा पत्ता शोधून ठेवावा.

उपचारानंतर

दवाखान्यात एक्स-रे काढून दात बारीक लवचिक तारेने शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात. जखमेत माती गेली असल्यास धनुर्वाताच्या लशीची विचारपूस होते, म्हणून मुलाची लसीकरणाची नोंद सोबत न्यावी. मुळाचे टोक बंद झालेल्या दातात दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनाल सुरू करावे लागते. लहान मुलाचे मूळ अजून उघडे असेल तर रक्तपुरवठा पुन्हा सुरू होण्याची आशा असते, म्हणून डॉक्टर वाट पाहतात. या काळात वरण-भात, खिचडी, पेज असे मऊ अन्न द्यावे, मऊ ब्रश वापरावा आणि सांगितलेल्या औषधी पाण्याने दिवसातून दोनदा चुळा भराव्यात.

दुखणे थांबले की लोक तपासणीला जायचे सोडतात, आणि बरेच दात तेथेच हातचे जातात. मार लागलेल्या दाताची नस गाजावाजा न करता मरते. काही महिन्यांनी दात करडा दिसू लागतो किंवा हिरडीवर बारीक पुटकुळी येते, तेव्हा कुठे ते लक्षात येते. म्हणून पडून परत बसवलेल्या दाताची दोन आठवडे, चार आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दरवर्षी तपासणी करून घ्यावी. नुसत्या मुका मार बसलेल्या, न हलणाऱ्या दातालाही निदान एकदा दाखवून घ्यावे.

तारेने बांधलेला दात असताना कबड्डी, कुस्ती, हॉकी यांसारखे अंगाला अंग भिडणारे खेळ पूर्ण बंद ठेवावेत. धावणे आणि पायांचा व्यायाम चालू शकतो. पुन्हा केव्हा उतरायचे हे डॉक्टरांनी सांगावे, संघ उपांत्य फेरीत पोहोचला आहे म्हणून प्रशिक्षकाने ठरवू नये. आणि परत उतरताना जुने माउथगार्ड तसेच चढवू नये: बांधलेल्या, भरलेल्या किंवा टोपी बसवलेल्या दाताचा आकार बदललेला असतो, जुने आवरण त्यावर नको तेथे दाबते, तेव्हा उपचार पूर्ण झाल्यावर नव्याने माप देऊन दुसरे करून घ्यावे.